वडाळ्याच्या विठोबाकडे मागणं

विठ्ठला, ज्यांना पंढरपूर गाठणं जमत नाही त्या मुंबईकरांसाठी तू वडाळ्याला उभा आहेस. आषाढीला पहाटेपासून तुझ्या दारी रांग लागते. लालबाग-परळच्या चाळींतल्या म्हाताऱ्या असतात, गोदीतले हमाल असतात, अँटॉप हिलच्या झोपड्यांतले अख्खे संसार असतात. जो तो आपल्या घरापुरतं मागतो. मी या शहरासाठी मागायला आले आहे. या रांगेत अशा आया आहेत, ज्यांच्या मुलाला शेजारी आता नावानं हाक मारत नाहीत, गर्दुल्ला म्हणतात. आणि अशाही आहेत, ज्यांच्या मुलाचं नाव पोलीस ठाण्याच्या वहीत कायमचं चढलं आहे. दोघी एकाच गल्लीत राहतात. एकीच्या मुलानं विकलं, दुसरीच्या मुलानं ओढलं. त्या दोघींना एका रांगेत उभं करणाऱ्या देवा, आमचं ऐक.

तुला सगळं ठाऊक आहे. तरीही मी ते पहिल्यापासून सांगते, कारण आम्ही ते विसरलो आहोत. तुझ्यासमोर सांगताना तरी खरं सांगावं लागेल.

देवा, स्वातंत्र्य मिळालं आणि १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. तो करणाऱ्यांच्या मनात पाप नव्हतं. पगाराच्या दिवशी नवऱ्याच्या आधी पैसे हाती लागावेत म्हणून गिरणीच्या दरवाजात उभ्या राहणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्या होत्या. पण दारू गेली नाही. खाडीकाठच्या तिवरांत भट्ट्या लागल्या, रबरी ट्यूबांतून माल शहरात येऊ लागला, गल्लोगल्ली आंटीचे अड्डे निघाले. व्हीटी स्टेशनवर हमाली करणारा वरदराजन मुदलियार याच हातभट्टीच्या पैशावर धारावी-अँटॉप हिलचा मालक झाला. चोरट्या धंद्यात उधारी बुडाली तर दावा लावता येत नाही. हद्द कुणाची, माल कुणाचा, शब्द कुणी मोडला, याचा निवाडा करायला तिथे न्यायाधीश बसत नाही. तो निवाडा चाकूनं होतो, आणि चाकूवाल्यानं निर्धास्त राहावं म्हणून हप्ता पोचतो. या शहराच्या अंगात हिंसा भिनली ती अशी, एका चांगल्या हेतूच्या मागच्या दारानं.

मग सोनं आलं. सोन्याच्या व्यवहारावर सरकारनं निर्बंध घातले आणि आखातातून येणाऱ्या होड्यांवर हाजी मस्तानसारखी माणसं मोठी झाली. १९९० साली सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला, पुढच्या काही वर्षांत आयातही खुली होत गेली आणि चोरट्या सोन्यातली ती जुनी बरकत आटली. शेकडो धाडींनी जे साधलं नव्हतं, ते कायदा मागे घेतल्यानं साधलं. पण विठ्ठला, टोळ्या घरी गेल्या नाहीत. खंडणीचे फोन सुरू झाले. जमिनी रिकाम्या करून देण्याच्या सुपाऱ्या फुटू लागल्या. बंदी उठली की बंदीवरचा धंदा मरतो, हे आम्ही पाहिलं. तो धंदा करणारा माणूस मात्र रिकाम्या हातांनी तिथेच उभा असतो, हेही पाहिलं. आमच्या भांडणात एक बाजू पहिलं सत्य सांगते, दुसरी बाजू दुसरं. देवा, दोन्ही सत्यं एका वेळी पेलण्याची ताकद आम्हाला दे.

रिकामे हात कुठून आले, ते तुझ्या पायांशीच घडलं. १९८२ च्या जानेवारीत, ११ तारखेला, तुझ्या वडाळ्यात गुंड मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी पडला. मुंबईतलं पहिलं एन्काउंटर म्हणून लोक त्याची गोष्ट आजही सांगतात. त्यानंतर बरोबर आठवड्यानं, १८ तारखेला, डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गिरणगावातला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर आले. तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरला, आणि त्याच्याबरोबर गिरण्या विरल्या. माझ्या वडिलांच्या गिरणीचा भोंगा बंद झाला तेव्हा मी लहान होते, पण चाळीतल्या पुरुषांचे चेहरे आठवतात. पाळीला जायचं नाही म्हणून ते ओटीवर बसून राहायचे आणि मुलांच्या नजरेला नजर देत नसत. ज्यांना गावी शेताचा तुकडा होता ते कोकणात, साताऱ्याकडे परतले. राहिले त्यांची पोरं दिवसभर नाक्यावर. व्यायामशाळेत कमावलेलं शरीर, गोविंदा पथकात मिळालेलं धाडस आणि खिशात दमडी नाही. त्यांना काम देणारा कुणी आला असेल तर तो कंपनीचा, म्हणजे टोळीचा, माणूस होता, आणि ही कंपनी हजेरी कार्ड देत नसे. मन्याच्या मृत्यूनंतर पोलिसांच्या हातात एक वाट आली आणि संपानंतर टोळ्यांच्या हातात एक पिढी आली. पुढची वीस वर्षं या दोघांनी मिळून आमच्या गल्ल्यांचा हिशेब केला. १९९७ साली खुद्द सामंतांना गोळ्या घातल्या गेल्या. ज्यानं कामगारांसाठी संप केला त्याला मारायलाही सुपारीच लागली.

संपाच्याच सुमाराला, देवा, गर्द आली. अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या बाजूनं पश्चिमेकडे निघालेला हेरॉइनचा माल मुंबईत थांबू लागला आणि त्यातली हलकी, तपकिरी पूड आमच्या पोरांच्या वाट्याला आली. पुडी स्वस्त होती. पहिल्यांदा ती मित्रच देत असे, फुकट. अनिल अवचटांनी तेव्हा 'गर्द' लिहिलं, आणि त्यांच्यासह डॉ. अनिता अवचटांनी १९८६ साली पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, मुक्तांगण उभं केलं. पु. ल. आणि सुनीताबाईंनी त्यासाठी हातभार लावला. अवचट पती-पत्नींना तू योग्य वेळी बुद्धी दिलीस. सगळं जग ज्याला चोर म्हणत होतं, त्याला त्यांनी आजारी म्हटलं.

तो आजारी असतो, हे ज्यानं टर्की पाहिली त्याला शिकवावं लागत नाही. पुडी मिळाली नाही की नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागतं, हाडंन् हाडं ठणकतात, पोटात पिळे पडतात, जुलाब थांबत नाहीत, अंगावर काटा फुलून राहतो. आई गोधडी घालते, तो भिरकावतो. काढून घेते, तो मागतो. बहिणीला शिव्या घालतो आणि तिच्याच मांडीवर डोकं टेकून रडतो. रात्रींमागून रात्री त्याला झोप नसते, म्हणून खोलीत कुणालाच नसते. आधी घरातला टेप गेलेला असतो, मग इस्त्री, मग गॅसचा सिलिंडर, शेवटी आजीचा पितळी हंडा. हंडा गेला त्या दिवशी आई पोलिसांकडे जाते. स्वतःच्या पोराला धरून न्या म्हणून हात जोडणाऱ्या त्या बाईला, विठ्ठला, तू कठोर समजू नकोस. तिला दुसरा दरवाजा माहीतच नव्हता.

आम्ही तिला कायदा दिला होता. आंतरराष्ट्रीय कराराची मुदत डोक्यावर होती आणि गर्दची भीती उंबऱ्यात होती, अशा वेळी अमली पदार्थांचा कायदा १९८५ साली झाला. १४ नोव्हेंबरपासून तो लागू झाला. ज्या झाडाचं पान महाशिवरात्रीला घोटून प्यायला चालतं, त्याच झाडाचा शेंडा जवळ बाळगला की तो गुन्हा झाला. गांजा आणि हेरॉइन एकाच कायद्यात आले. १९८९ मध्ये जामीन आणखी अवघड झाला आणि काही गुन्हे दुसऱ्यांदा घडले तर फाशीवाचून दुसरी शिक्षाच उरली नाही. २००१ पर्यंत किती मालाला किती शिक्षा याची नीट पायरीसुद्धा नव्हती. पाच ग्रॅम हेरॉइन म्हणजे थोडं आणि अडीचशे ग्रॅम म्हणजे धंद्याचं, ही रेघ त्या वर्षी ओढली गेली. २०११ साली आमच्याच उच्च न्यायालयानं सांगितलं की, न्यायाधीशाचे हात बांधून फाशी देता येणार नाही. २०१४ मध्ये संसदेनं ते मानलं. त्याच दुरुस्तीनं कर्करोगाच्या रुग्णाला लागणाऱ्या मॉर्फिनची वाट थोडी मोकळी केली. त्याआधी कितीतरी माणसं वेदनेनं ओरडत गेली. औषध होतं, पण त्याच्या परवान्यांच्या धाकानं दवाखाने ते ठेवतच नसत. आमच्या भीतीची किंमत ज्यांनी अशी मोजली, त्या सर्व जीवांना तुझ्या पायांशी जागा दे.

आणि आता, देवा, तुला कोर्टाच्या व्हरांड्यात नेते, कारण तिथे तुझी मूर्ती नसते. एका आईबरोबर मी तिथे बसले आहे. आदल्या दिवशी पोरगा पुलाखाली ओढताना सापडला होता. पुकारा झाला. गुन्हा कबूल आहे का, असं विचारलं गेलं. तो कबूल म्हणाला. दंड आणि कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा. आईनं कापडी पिशवीतून दहा-दहाच्या नोटा काढून मोजल्या. संध्याकाळी तो बाहेर पडला आणि टर्की सुरू झालेली असल्यानं तडक त्याच पुलाकडे गेला. सेवनाचा गुन्हा असलेला माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो, असं कलम याच कायद्यात आहे. त्याचा क्रमांक ६४-अ. ते त्या दिवशी कुणी उच्चारलं नाही. न्यायाधीशांसमोर फाइलींचा ढीग होता, वकील दहा मिनिटांचा होता आणि आईला अक्षरओळख नव्हती. मुंबईतल्या अशा खटल्यांचा जेव्हा अभ्यास झाला तेव्हा बहुतेक खटले सेवनाचेच निघाले आणि उभे राहणारे बहुतेक जण रोजंदारीवर राबणारे, झोपडीत नाहीतर फुटपाथवर राहणारे होते. गुन्हे उघडकीला आल्याचे आकडे त्यांच्यावर भरतात. माल कुठून आला, हे विचारायला वेळ उरत नाही.

तोवर माल बदललाही. आता एमडी नावाची पूड आहे. पोरं तिला म्याव म्याव म्हणतात. तिला अफूचं शेत लागत नाही. एक शेड, थोडी रसायनं आणि बीएस्सी झालेला एक बेकार पोरगा पुरतो. २०१५ साली तिचा समावेश बंदीच्या यादीत झाला, पण २०२३-२४ मध्ये नाशिकजवळ, सोलापुरात, कुरकुंभच्या एमआयडीसीत तिचे कारखानेच्या कारखाने सापडले. आमच्या गिरण्या बंद पडल्या आणि हे कारखाने निघाले, विठ्ठला. यावर मला तुझ्यासमोरसुद्धा राग आवरत नाही.

म्हणून आमच्यात वाद पेटला आहे, आणि तो तुझ्यापुढे ठेवते. कायदा आणखी कडक करा, असं एक बाजू म्हणते. तिच्या तोंडून गडचिरोलीच्या बायका बोलतात. त्यांनी लढून १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी आणली. गावोगाव मतदान घेऊन बाटली आडवी करणाऱ्या बायका बोलतात. त्यांना नवऱ्याचा मार आणि पोरांची उपासमार ठाऊक आहे. स्वातंत्र्याचे धडे त्यांना कुणी देऊ नयेत. दुसरी बाजू चंद्रपूरकडे बोट दाखवते. तिथे २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये, चोरटी दारू व गुन्हे वाढल्याचं कारण देऊन, उठवली गेली. ती बाजू पोर्तुगालचं उदाहरण देते. तिथे २००१ पासून स्वतःपुरता थोडा माल जवळ असणं बेकायदा आहे, पण फौजदारी गुन्हा नाही. पोलीस माणसाला कोठडीत न नेता मंडळापुढे पाठवतात आणि मंडळ त्याला उपचाराची वाट दाखवतं.

मी मालवणीही विसरू शकत नाही. २०१५ च्या जूनमध्ये तिथे विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. तेव्हा मुंबईत ती जुनी दारूबंदी उरलेली नव्हती. परवान्याची दारू परवडत नव्हती, म्हणून गरिबानं भट्टीची घेतली. उघड्या दुकानांचाही प्रश्न आहेच. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत देशात सुमारे १६ कोटी माणसं दारू पिणारी निघाली, आणि जे तिच्या पुरते आहारी गेले त्यांतल्या ३८ जणांमागे एकालाच कधी उपचार मिळाले होते. बेकायदा नशेच्या आहारी गेलेल्यांत हे प्रमाण २० जणांमागे एक. बंदी असो की परवाना, आजारी माणूस दोन्हीकडे एकटाच पडलेला आहे. हे जिथे दिसतं, तिथे आमचा वाद थांबव आणि आम्हाला कामाला लाव.

आता माझं मागणं ऐक.

ओढणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढायची बुद्धी आमच्या कायदे करणाऱ्यांना दे. त्यांना मतांची भीती वाटते. सैल पडले असं कुणी म्हणेल, हा धाक असतो. तो धाक काढून घे. सेवन हा आजार आहे, हे एका कलमाच्या कोपऱ्यात न ठेवता कायद्याच्या कपाळावर लिहायला लाव. जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देणारं केंद्र रेशनच्या दुकानाइतकं जवळ असू दे, आणि त्याच्या दाराशी खबरी उभा नसू दे.

पोलिसांसाठी मागते. बारा-बारा तास बंदोबस्त करणारा शिपाईसुद्धा चाळीतल्याच खोलीत राहतो, त्यालाही पोरं आहेत. पुलाखालच्या हाडांच्या सापळ्याला उचलून आकडा भरण्याची पाळी त्याच्यावर येऊ देऊ नकोस. कारखान्याच्या शेडपर्यंत आणि पैशाच्या वाटेपर्यंत जायची हिंमत त्याला दे, आणि तो निघाला की वरून फोन करणाऱ्याची वाचा बसव. गोळीनं निवाडा करायचा मोह त्याच्या मनातून उपटून काढ. आम्ही टाळ्या वाजवल्या म्हणून तो मोह वाढला. आमचे ते हातही आवर.

विकणाऱ्यासाठीही मागते, आणि हे मागताना जीभ जड होते. ज्ञानोबांनी पसायदान मागताना दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्यातला वाकडेपणा जावा असं मागितलं. मला तेवढं मोठं मन नाही. शाळेच्या फाटकाशी पुडी नेणाऱ्याला शिक्षा व्हावी, असं मला वाटतं आणि ती व्हायलाच हवी. पण ती पुराव्यानं होऊ दे, वेळेत होऊ दे. तारखांमागून तारखा पडत कच्च्या कैदेत त्याचं वय सरू नये. आणि तुरुंगात गेलेला पोरगा तिथून मोठ्या भाईचा माणूस होऊन बाहेर पडू नये.

आमच्या शेजारधर्मासाठी मागते. गर्दुल्ला हा शब्द आमच्या तोंडून काढून घे. उपचार घेऊन परतलेल्याला कुणी खोलीत घेत नाही, कुणी कामावर ठेवत नाही, गणपतीच्या वर्गणीच्या पेटीजवळसुद्धा बसू देत नाही. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी त्याला मांडव बांधायला बोलवावं, एवढी माणुसकी आमच्यात ठेव. त्याचा पाय पुन्हा घसरला तर 'सांगितलं होतं ना' असं न म्हणता पुन्हा केंद्रापर्यंत सोडायला जाणारा एक तरी मित्र त्याच्या वाट्याला येऊ दे.

आणि गिरण्यांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या टॉवरांतल्या लोकांसाठी मागते. त्यांच्या खिडकीतून चाळीची कौलं दिसतात, पोरं दिसत नाहीत. त्यांना ती दिसू दे. त्या जमिनीवर जे पिकलं, त्यातला थोडा वाटा आयटीआयच्या कार्यशाळेला, वाचनालयाला, रात्रशाळेला, खेळाच्या मैदानाला फिरू दे. कामगारानं तीन पाळ्यांत राबून हे शहर उभं केलं. त्याच्या नातवाला सुरक्षा रक्षकाच्या पलीकडची एखादी नोकरी इथे असू दे. नाक्यावरच्या पोराला कंपनीच्या माणसाआधी कुणीतरी गाठायला हवं. तो कुणीतरी आमच्यातून उभा कर. तो शिक्षक असेल, फुटबॉलचा कोच असेल, पालिकेच्या दवाखान्यातली परिचारिका असेल. त्याला पगार वेळेवर मिळेल, एवढं तरी सरकारला सुचव.

आमचा वाद आम्ही पुढेही घालू, विठ्ठला. गांजा खुला असावा की नसावा, शिक्षा किती असावी, यावर शहाणी माणसं भांडतील आणि त्यांनी भांडावंही. पण तोवर तीन गोष्टींची वाट पाहायला लावू नकोस. ज्यानं विकलं त्याला न्यायानं शिक्षा दे. ज्यानं ओढलं त्याला औषध दे. आणि त्या दोघांचा धाकटा भाऊ आत्ता नाक्यावर उभा आहे, त्याला काम दे, आजच दे.